राइसिंग (लिनक्स)

राइसिंग ही लिनक्स व तत्सम संगणक प्रणालींच्या हौशी वापरकर्त्यांत रूढ असलेली बोली संज्ञा आहे. खिडक्यांची मांडणी, रंगसंगती, टंक, चिन्हे इत्यादींत आवडीप्रमाणे फेरफार करून पडद्याचे दर्शनी रूप पालटणे, असा तिचा अर्थ होय. अशा सजवलेल्या पडद्यास ‘राइस’ म्हणतात. संज्ञेच्या उगमात वांशिक अवहेलना असल्याने तिच्या वापराविषयी मतभेद आहेत.

व्युत्पत्ती

अमेरिकेत जपानी मोटारसायकलींना, पुढे पूर्व आशियाई मोटारींनाही, हेटाळणीने ‘राइस बर्नर’ (तांदूळ जाळणारी) म्हटले जाई. त्यावरून, स्वस्त आयात मोटार वेगवान भासावी म्हणून तिला दिखाऊ पंख व कर्कश धूरनळ्या बसवणारा तो ‘राइसर’. भात हे ज्यांचे रोजचे अन्न आहे, त्या मराठी वाचकाला यातील डंख चटकन जाणवणार नाही. परंतु येथे अन्नाचे नाव वंशाची खूण म्हणून वापरले गेले. जपानी मोटारींवरील रोष शब्दांपुरताही राहिला नाही. १९८२ साली डेट्रॉइट परिसरात मोटार उद्योगाशी संबंधित दोन गोऱ्या इसमांनी व्हिन्सेंट चिन या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारहाण केली व त्यात त्याचा मृत्यू झाला. तो जपानी नव्हे, चिनी वंशाचा होता. राज्य न्यायालयाने आरोपींना तुरुंगवास न देता परिवीक्षा व प्रत्येकी ३,००० डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली.

लिनक्समध्येही हा शब्द प्रथम टवाळीसाठीच आला. ‘जेंटू’ या वितरणाचे वापरकर्ते किंचित वेगासाठी प्रत्येक आज्ञावली स्वतः संकलित करण्यात तासन्‌तास घालवत. त्यांना ‘राइसर’ म्हणून हिणवले जाई. कालांतराने हेटाळणी गळून पडली व हौशी मंडळी तो अभिमानाने मिरवू लागली.

वाद

शब्दाचा अर्थ आता पूर्णपणे बदलला आहे, असे समर्थक म्हणतात. काही जण तो ‘रेस इन्स्पायर्ड कॉस्मेटिक एन्हान्समेंट्स’ या शब्दांचे लघुरूप असल्याचे सांगतात. ही फोड मागाहून रचलेली असून व्युत्पत्ती म्हणून ग्राह्य नाही. मूळ अर्थ ज्यांच्यावर रोखलेला होता ती माणसे आजही तो ऐकतात, हा विरोधकांचा आक्षेप अधिक वजनदार आहे.

जुलै २०२० मध्ये लिनक्स कर्नेलच्या विकासकांनी नव्या लेखनात ‘मास्टर-स्लेव्ह’ व ‘ब्लॅकलिस्ट’ हे शब्द टाळण्याचा नियम स्वीकारला. तो कर्नेलच्या आज्ञावलीस व दस्तऐवजांस लागू होतो. बोलीतील शब्दांवर मात्र कोणत्याही संस्थेचा अधिकार चालत नाही; त्यामुळे ‘थीमिंग’, ‘कस्टमायझेशन’ असे पर्याय असूनही ‘राइसिंग’ प्रचारात टिकून आहे.