घरचा डॉक्टर आणि घरांतील वार्धक्य

सोपाऱ्याच्या भातेला तळ्यानजीक १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस एक फुटका शिलाखंड सांपडला. त्यावरील अक्षरें अशोकाच्या चौदा आज्ञांपैकीं आठव्या आज्ञेचा अंश आहेत, हें त्यांनीं ओळखलें. या आज्ञेंत राजा सांगतो कीं, पूर्वींचे राजे मृगयेसाठीं व करमणुकीसाठीं यात्रेस निघत. आपण मात्र धर्मयात्रेस निघतों, आणि त्या यात्रेंत ब्राह्मणश्रमणांप्रमाणेंच वृद्धांचीहि भेट घेऊन त्यांच्यासाठीं सुवर्णाची तजवीज करतों. हे वृद्ध म्हणजे वयोवृद्ध कीं संघांतील थेर, हा वाद विद्वानांनीं खुशाल घालावा. मला त्यांतली एकच गोष्ट लक्षांत घ्यावीशी वाटते: येथें म्हातारा माणूस राजाकडे जात नाहीं, राजा त्याच्याकडे जातो. माणसांच्या व जनावरांच्या चिकित्सेचा उल्लेखहि याच आज्ञामालेंत आहे, पण तो दुसऱ्या आज्ञेंत, अगदीं निराळा. वृद्धाला भेट व धन, रोग्याला औषध, अशी ती वांटणी आहे.

आयुर्वेदानें मात्र ही वांटणी मानली नव्हती. वाग्भटानें वैद्यकाचीं आठ अंगें मोजतांना बालकांप्रमाणें जरेलाहि स्वतंत्र अंग म्हटलें. आमच्याकडे पाश्चात्य वैद्यक शिकविण्याची शाळा निघाली, तेव्हां हें अंग कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. आणि यांत त्या शाळेचा दोष नव्हता, कारण तें युरोपांतहि कोणाच्या ध्यानांत नव्हतें. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें. १८५१ सालीं तेथून जी पहिली तुकडी बाहेर पडली, तींत डॉ. भाऊ दाजी लाड होते. शिक्षण सारें रुग्णालयाच्या खाटेशीं. खाटेवर येई तो बहुधा ज्वराचा, पटकीचा, जखमेचा रोगी. तो बरा होई किंवा मरे, आणि दोन्ही प्रकारीं खाट रिकामी होई. वर्षानुवर्षें गुडघे धरून ओसरीवर बसलेली आजी त्या खाटेवर कधींच आली नाहीं. म्हणून विद्यार्थ्यानेंहि तिला कधीं पाहिलें नाहीं.

ती पाहिली घरच्या डॉक्टरानें. १९१२ सालीं मुंबईंत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झालें आणि एल. सी. पी. एस. ही पदविका घेतलेले डॉक्टर गांवोगांव जाऊन बसूं लागले. माझ्या लहानपणीं वसईंत आमच्या घरीं येणारे डॉक्टर त्यांपैकींच एक, तेव्हां ते स्वतःच सत्तरीला टेकलेले. आगाशी असो, पापडी असो, निर्मळ असो, ज्या घरीं ते बाळंतपणाला गेले, त्याच घरच्या म्हाताऱ्याच्या अखेरच्या आजारालाहि ते गेलेले असत. चहाचा पेला हातांत घेऊन ते आमच्या आजोबांशीं केळीच्या बागेविषयीं बोलत. पण बोलतां बोलतां आजोबांचा श्वास, पायाची सूज, जेवणाची इच्छा हें सगळें त्यांनीं पाहून घेतलेलें असे. हें त्यांना कोणत्याहि परीक्षेसाठीं शिकावें लागलें नव्हतें. तीसचाळीस वर्षें त्याच त्या घरांत जाण्यानें तें अंगीं आलें होतें. आमच्या समजुतींत खरी चूक येथें झाली. हें ज्ञान डॉक्टरकीच्या पदवीबरोबर आपोआप येतें, असें आपण धरून चाललों.

सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं अहवाल दिला आणि देशांत एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर असावा, अशी शिफारस केली. पदविकेचे अभ्यासक्रम बंद व्हावेत, शाळांचीं महाविद्यालयें व्हावींत. समितींतील कांहीं सभासदांस हें पसंत नव्हतें. खेड्यापाड्यांना डॉक्टर मिळणार कोठून, अशी त्यांची शंका होती. मला स्वतःला समितीचें धोरण चुकीचें वाटत नाहीं. अर्धवट शिक्षणाची तरफदारी कोणी करूं नये. पण नव्या पदवीधराला जुन्या डॉक्टराच्या हाताखालीं, घरोघर हिंडून जें मिळालें असतें, त्याची जागा कशानें भरावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला तो राहिलाच.

इतरत्र हा प्रश्न कसा सुटला, हें थोडक्यांत सांगतों. बालवैद्यकासारखेंच वृद्धवैद्यक असावें म्हणून ‘जेरिऍट्रिक्स’ हा शब्द न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नॅशर यांनीं १९०९ सालीं घडविला. पण शब्दानें रोगी उठून बसत नाहीं. तें काम लंडननजीक वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयांत डॉ. मार्जरी वॉरेन या बाईंनीं केलें. १९३५ सालीं शेजारच्या अनाथालयाच्या दवाखान्यांतील शेंकडों रोगी त्यांच्या हवालीं झाले. ‘म्हातारपण’ एवढेंच निदान लिहून वर्षानुवर्षें निजवून ठेवलेलीं हीं माणसें त्यांनीं एकेक करून तपासलीं, चालवलीं, आणि पुष्कळांना घरीं पाठविलें. त्यानंतर १९४८ सालीं वुल्व्हरहॅम्प्टनच्या डॉ. शेल्डन यांनीं रुग्णालय सोडून वृद्धांच्या घरांकडे मोर्चा वळविला आणि म्हातारीं माणसें कोठें, कशीं पडतात हें जिन्यावर व अंधाऱ्या बोळांत जाऊन नोंदलें.

परंतु सर्वांत डोळे उघडणारें काम स्कॉटलंडांतील डॉ. विल्यम्सन यांचें. १९६४ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एडिंबरो भागांतील घरगुती डॉक्टरांच्या यादींतल्या पांसष्ट वर्षांवरील लोकांना स्वतः तपासलें आणि डॉक्टराला काय ठाऊक होतें तें ताडून पाहिलें. हृदयाचे व फुप्फुसाचे विकार डॉक्टरांना बहुधा ठाऊक होते. ठाऊक नव्हतें तें पायांचें दुखणें, लघवीवरचा ताबा सुटणें, मनाची खिन्नता आणि स्मृतीचा ऱ्हास. म्हातारीं माणसें या गोष्टी सांगतच नसत. वयच झालें, सांगायचें काय, असें त्यांना वाटे. ज्या देशांत प्रत्येक माणसाचें नांव कोणा ना कोणा डॉक्टरापाशीं नोंदलेलें, तेथील ही कथा! आमची आजी लघवीविषयीं डॉक्टराशीं बोलेल, ही अपेक्षा करणाराला आमची आजी माहीत नाहीं.

आपल्याकडे पहिली पावलें मद्रासेनें टाकलीं. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनीं तेथें १९७८ सालीं वृद्धांसाठीं बाह्यरुग्णविभाग उघडला आणि १९९६ सालीं मद्रास मेडिकल कॉलेजांत या विषयाची एम. डी. पदवी सुरू झाली. पुढें २०१० च्या सुमारास केंद्रसरकारनें वृद्धांच्या आरोग्यासाठीं राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला, आणि त्याच्या आठ प्रादेशिक केंद्रांत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाची निवड झाली. दीडशें वर्षांवर काळ लोटल्यानंतर आजी त्या दारांतून आंत गेली. २०१९ पासून लागू झालेल्या एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमांतहि सामान्य वैद्यकाखालीं वृद्धांचें प्रकरण स्वतंत्र आलें आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानें एम. बी. बी. एस. झालेल्या डॉक्टरांसाठीं, व्यवसाय संभाळून करतां येईल असा पदविका अभ्यासक्रम काढला, हें मला त्या सर्वांहून मोलाचें वाटतें.

तरी वसई-विरारपुरतें पाहूं. २०११ च्या शिरगणतींत या महानगरपालिकेच्या हद्दींत बारा लाखांवर वस्ती होती. महाराष्ट्रांत त्या वर्षीं शेंकडा सुमारें दहा माणसें साठीच्या पुढचीं. पहांटेच्या लोकलनें मुलगा-सून मुंबईस जातात, कांहींचीं मुलें आखाती देशांत आहेत. घरीं दोन म्हातारीं माणसें आणि खालीं गल्लींत एक दवाखाना. तो दवाखाना चालविणारा पुष्कळदां आयुर्वेदाचा किंवा होमिऑपॅथीचा पदवीधर असतो. वृद्धवैद्यकाचे नवे अभ्यासक्रम निघाले ते एम. बी. बी. एस. साठीं आणि त्यावरच्या विशेषज्ञांसाठीं. नालासोपाऱ्याच्या गल्लींत आजी प्रथम ज्याच्याकडे जाते, त्याच्यापर्यंत ते पोंचतच नाहींत. ज्याच्या शास्त्रांत जरा हें मुळांत एक अंग होतें, त्यालाच हा दरवाजा बंद असावा, ही मौजच म्हणावयाची.

माझ्या मातोश्रींविषयीं लिहावें कीं न लिहावें, याचा मीं विचार केला. गेल्या पावसाळ्यांत त्या रात्रीं न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं पडल्या. रक्तदाबासाठीं एक विशेषज्ञ, मधुमेहासाठीं दुसरे, सांध्यांसाठीं तिसरे; झोप लागत नाहीं म्हणून चौथ्या कोणीतरी गोळी दिली होती. प्रत्येकाचें औषध त्याच्या परीनें योग्य होतें. सगळीं एकत्र करून पाहणारें कोणी नव्हतें, आणि पदव्या मिरविणारा त्यांचा मुलगाहि त्यांतच आला. सुदैवानें हाड वांचलें. पुढें एका विद्यार्थ्याच्या ओळखीनें एक तरुण डॉक्टर घरीं आले. व्यवसाय करतां करतां त्यांनीं ती पदविका घेतलेली होती. त्यांनीं छातीला नळी लावण्याआधीं घरांतल्या सगळ्या गोळ्या एका परडींत आणावयास सांगितल्या. अकरा प्रकार निघाले. मग म्हणाले, “आजी, खुर्चीवरून उठून दारापर्यंत चालून दाखवा बरें.” आई उठल्या, भिंतीला हात लावीत गेल्या, वळतांना थबकल्या. डॉक्टरांनीं घड्याळाकडे पाहून कांहीं टिपून घेतलें आणि ते स्वतः उठून न्हाणीघराचा उंबरा पाहावयास गेले.