देवगिरीचा हिशेबनीस आणि शुद्ध स्वर

पाश्चात्य वाद्य शिकणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्यानें मध्यंतरीं आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांच्या पांच रेघांच्या स्वरलिपींत आरंभींच शार्प किंवा फ्लॅट अशा खुणा मांडतात. या मांडणीस ‘की सिग्नेचर’ म्हणतात. एकच शार्प दिसला कीं वादकानें समजावें, पुढील प्रत्येक ‘एफ’ अर्ध्या स्वरानें चढवावयाचा, आणि रचना जी मेजर अथवा ई मायनर यांपैकीं एकींतली आहे. “आपल्याकडे ही पाटी कोठें असते?” भातखंड्यांचे दहा थाट, असें उत्तर आम्हीं तत्काळ दिलें, पण घरीं आल्यावर तें पुरेसें वाटेना.

थाट कोमल-तीव्र स्वर सांगतो खरे, पण षड्ज कोठें धरावा हें तो गवयाच्या गळ्यावर सोडतो. काळी चार असो वा पांढरी दोन, यमन तो यमनच. शिवाय विकृत स्वरांवर खूण करण्यापूर्वीं शुद्ध कोणते हें ठरलेलें असावें लागतें, आणि येथेंच आपला जुना तंटा आहे.

त्याचें मूळ आमच्या औरंगाबादेपासून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरापासून, अवघ्या कांहीं कोसांवर सांपडतें. दौलताबादचा किल्ला पाहावयास जाणारांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल कीं, तेराव्या शतकांत, यादव राजा सिंघण याच्या पदरीं, येथेंच ‘संगीतरत्नाकर’ लिहिला गेला. ग्रंथकर्ता शार्ङ्गदेव. त्याचा आजा काश्मीरहून दक्षिणेंत आला. तो स्वतः राजाचा प्रमुख हिशेबनीस होता. त्याचा स्वराध्याय वाचतांना हा पेशा पदोपदीं आठवतो. सप्तकाच्या बावीस श्रुति. त्यांतील षड्जास चार, ऋषभास तीन, गांधारास दोन, मध्यमास चार, पंचमास चार, धैवतास तीन, निषादास दोन. बेरीज चोख जुळते. मध्यमग्रामांत पंचम एकाच श्रुतीनें उतरतो आणि सारी व्यवस्था बदलते.

आतां प्रश्न असा कीं, स्वर आपल्या वांट्याच्या पहिल्या श्रुतीवर बसतो कीं शेवटच्या? शार्ङ्गदेव शेवटची सांगतो: षड्ज चौथीवर, ऋषभ सातवीवर, गांधार नववीवर. म्हणजे षड्ज-ऋषभांत तीन श्रुति, ऋषभ-गांधारांत दोनच. गांधार कोमल झाला, निषादही तसाच, आणि सप्तक आजच्या काफीजवळ आलें. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं स्वर पहिल्या श्रुतीवर ठेवले: षड्ज पहिलीवर, ऋषभ पांचवीवर, गांधार आठवीवर. अंतरें चार, तीन, दोन अशीं पडलीं आणि बिलावल शुद्ध ठरला. आंकडे तेच, जमाखर्चाची ओळ तेवढी एक घर सरकली. पण तेवढ्यानें ग्रंथांतील प्रत्येक रागाचे शुद्ध-विकृत स्वर निराळे वाचावे लागतात.

भातखंड्यांच्या काळीं गवई बिलावलच शुद्ध मानीत, आणि १९१० पासून निघालेली त्यांची मराठी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ चालू गायनास शिस्त लावण्यासाठीं होती. त्याबद्दल त्यांस दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. मात्र नवें खातें जुन्या वहीच्या आंकड्यांवर चढविण्याची गरज नव्हती, असें आम्हांस वाटतें. बिलावल आपल्या पायांवर उभा राहण्याइतका समर्थ होताच.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास पेटीपुढें बसविलें. पांढरी एक षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजविल्या, बिलावल झाला. त्याच पट्ट्या पांढरी दोनपासून वाजविल्या, काफी झाला. (पेटीचे स्वर श्रुतींशीं तंतोतंत जुळत नाहींत, हें अर्थातच मान्य.) स्वर तेच ठेवून आरंभ बदलणें, हिलाच शार्ङ्गदेव मूर्च्छना म्हणतो, सी मेजर व ए मायनर या दोहोंची पाटी कोरी असते, तीही याच न्यायानें.

“मग शुद्ध कोणतें लिहूं?” त्यानें विचारलें. रत्नाकर वाचतांना पांढरी दोन धर, पण परीक्षेंत पांढरी एकच लिही, असें आम्हीं त्यास सांगितलें.