मझहरुल इस्लाम : मातीशी इमान राखणारे वास्तुशिल्पी

मुसलमानांच्या वास्तुकलेचा विषय निघाला की आपण ताजमहाल आणि विजापूरचा गोल घुमट यांच्यापाशीच थांबतो. विसाव्या शतकातल्या वास्तुशिल्पींची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. ढाक्याचे मझहरुल इस्लाम हे त्यांपैकीच एक.

त्यांचा जन्म १९२३ साली मुर्शिदाबादचा. शिबपूरला अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेतल्या ऑरेगॉन विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकायला गेले. १९५२ साली ढाक्यात बंगाली भाषेसाठी तरुणांनी प्राण दिले. पुढच्याच वर्षी मझहरुल इस्लाम यांनी चित्रकार झैनुल आबेदीन यांच्या कलासंस्थेच्या इमारतीचे काम हाती घेतले. आधुनिक घडणीची, तरीही बंगालची वाटणारी ही इमारत. तिच्यावर घुमट नाही, कमान नाही. लाल विटा, जाळ्या, वारा खेळेल असा मोकळा तळमजला आणि आवारातल्या झाडांना, तळ्याला सांभाळून केलेली मांडणी! पाऊस आणि दमट उकाडा ओळखून बांधलेले घर त्या प्रदेशाचे होते, हे त्यांनी दाखवून दिले.

साठच्या दशकाच्या आरंभी ढाक्यातल्या संसद संकुलाचे काम त्यांच्याकडे चालून आले. आयुष्यात एकदाच मिळावे असे काम! पण जगातल्या थोर वास्तुशिल्पीला बोलवावे, असे त्यांनीच सुचवले. ल कॉर्बुझिए आणि आल्टो यांचे जमले नाही. लुई कान आले. हे काम जवळून पाहून आपल्याकडचे तरुण शिकतील, ही त्यामागची दृष्टी होती. स्वतःच्या नावापेक्षा पुढच्या पिढीचे शिक्षण मोठे मानणारा माणूस खरा शिक्षकच म्हणायचा.

१९६४ साली सरकारी नोकरी सोडून त्यांनी 'वास्तुकलाविद' ही संस्था काढली. चितगाव आणि जहांगीरनगर विद्यापीठांचे आराखडे त्यांचेच. येलमधले स्नेही स्टॅन्ली टायगरमन यांच्यासह त्यांनी पाच तंत्रनिकेतने उभारली. १९८३ पासून 'चेतना' या अभ्यासगटात ते तरुणांसोबत इतिहास, तत्त्वज्ञान आणि साहित्याची चर्चा करत. आपला समाज न समजता त्याच्यासाठी घर बांधता येत नाही, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा.

१५ जुलै २०१२ रोजी ढाक्यात त्यांचे निधन झाले.

आपली ओळख घुमट-मिनारांतच शोधण्याची सवय आपल्याला आणि इतरांनाही जडली आहे. ज्या मातीत आपण राहतो तिचे ऊन, वारा, पाऊस आणि भाषा यांतूनही ओळख घडते, हे मझहरुल इस्लाम यांच्या विटा शांतपणे सांगतात. त्या आपण ऐकायला हव्यात.