सच्छिद्र दगड आणि पाण्याचें शोधन



कांचेच्या हौदांत मासे पाळणारे गृहस्थ गाळणींत लाव्हारसाचे सच्छिद्र दगड घालतात. कां, म्हणून विचारलें तर बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें: छिद्रांत घाण अडकते. परंतु माशांना घाणीपेक्षां घातक असतो तो त्यांनीं स्वतःच कल्ल्यांवाटे सोडलेला अमोनिया. आणि पाण्यांत पुरता विरघळलेला हा पदार्थ असल्या छिद्रांत अडकत नाहीं. मग तो जातो कोठें?

याचा उलगडा सांडपाण्याच्या अभ्यासांतून झाला. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लेसिंग व म्युंत्झ यांनीं १ मीटर लांबीच्या नळींत भाजलेली वाळू व चुनखडीची पूड भरून तींतून सांडपाणी झिरपूं दिलें. २० दिवस अमोनिया जसाचा तसा बाहेर पडला. नंतर त्याच्या जागीं नायट्रेट येऊं लागलें. केवळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवसापासून घडावयास नको होती काय? त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम थांबलें. वाफ निघून गेल्यावरहि तें सुरू होईना. मातीचें धुवण ओतलें तेव्हां कोठें पुनः चालूं लागलें. वाळूवर जिवंत कामकरी वस्तीला होते!

योगायोग पाहा. १८५० सालीं लंडनमध्यें पाणवनस्पति व गोगलगाई यांच्या सोबतीनें सोनेरी मासे जगविले ते रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं; आणि अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट होतें, हें रोथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगक्षेत्रांत दाखविलें तें त्यांच्याच त्याच नांवाच्या चिरंजीवांनीं. वडिलांच्या हौदांत मुकाट्यानें चाललेलें काम मुलानें उलगडावें, हें मला फार गोड वाटतें. जंतु वेगळे करण्याचें यश मात्र १८९० च्या सुमारास झूरिक येथें विनोग्राडस्की यांना लाभलें. दोन टप्प्यांचे जंतु निरनिराळे, ही त्यांच्यापासूनची समजूत शंभरांवर वर्षें टिकली. २०१५ सालीं नेदरलंड्समध्यें मत्स्यपालनाच्या एका गाळणींतच दोन्ही टप्पे एकट्यानें पार पाडणारा जंतु सांपडला.

हे जंतु पृष्ठभागाला चिकटून राहतात, म्हणून गुळगुळीत गोट्यापेक्षां खडबडीत, सच्छिद्र दगड बरा. मात्र छिद्रें फार बारीक असलीं तर तीं बुजतात व आंत प्राणवायु पोहोंचत नाहीं.

ब्लीचिंग पावडरीनें दगड घासून काढणारा गृहस्थ नकळत क्लोरोफॉर्मचाच तो प्रयोग करीत असतो, आणि त्याचें मोल मासे देतात. दगड धुवावयाचाच तर हौदांतून काढलेल्या पाण्यांत नुसता खळबळून घ्यावा.