घरची वेणी

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात पाचव्या शतकातील एक राजकन्या आरशात पाहून प्रसाधन करीत आहे; सेवेला दासी आहेत. सामान्य घरात मात्र ही कला आईच्या हातून मुलीच्या हाती आली. फणी, खोबरेल आणि केसांचे तीन पेड एवढ्यावर वेणी, अंबाडा, खोपा असे नाना प्रयोग ओसरीवरच होत. परंतु ब्राह्मणादी उच्चवर्णीय घरांत पती निवर्तला की स्त्रीचे केशवपन होई आणि हे सुख कायमचे संपे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या मस्तकावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला. आपल्या हातांनी घातलेली वेणी आज क्षुल्लक भासते. एकेकाळी तोही हक्क सर्वांना नव्हता.