वाड्याची भिंत आणि चुन्याची घाणी

वाड्याची आतली भिंत खरवडायला घेतली की आधी ऑइलपेंट निघतो. त्याखाली डिस्टेंपर, त्याखाली नीळ टाकलेली सफेदी, आणि मग सफेदीवर सफेदी. सगळ्यांत खाली हाताला लागतो तो घोटीव गिलावा, दीडदोनशे वर्षांनंतरही गुळगुळीत आणि थंडगार. वाईच्या कृष्णाकाठी माझे सगळे आयुष्य याच कामात गेले. आमचे घर गवंड्यांचे. आजोबांनी चुन्यात काम केले, वडिलांनी निम्मे चुन्यात आणि निम्मे सिमेंटमध्ये, आणि मी सिमेंट सोडून पुन्हा चुन्याकडे आलो. भिंतीवरच्या या थरांनी मला एक गोष्ट शिकवली. वाडा एकदाच बांधून होत नसे, तो दरवर्षी थोडा थोडा बांधला जाई.

आपल्याकडे, देशावर, सगळा काळा दगड. चुन्याचा डोंगर फोडून आणावा अशी सोय नाही. म्हणून ओढ्याच्या कडेला, काळ्या मातीत सापडणारी चुनखडी वेचायची आणि कोळशाचे थर देऊन भट्टीत भाजायची. हे काम लोणाऱ्यांचे. त्यांच्यात मीठ लोणारी आणि चुने लोणारी असे भेदच होते. कोकणात आणि गोव्यात चुनखडीऐवजी शिंपले भाजत. मुंबईतल्या चुनाभट्टीचे नावही अशा भट्ट्यांवरूनच पडले आहे.

भाजलेल्या चुन्याची कळी पाण्यात टाकली की रटरटते, फुलते, विरते. मग ती घाणीत जाते. घाणी म्हणजे जमिनीत बसवलेला दगडी गोल पन्हाळ. त्यात मोठे दगडी चाक फिरते आणि ते ओढायला बैल नाहीतर रेडा असतो. लोहगडावर अशी घाणी आजही दिसते. चुना आणि वाळू तिच्यात मळली जाई, कधी भाजलेल्या विटांची सुरखीही घालत. मिश्रण लोण्यासारखे होईपर्यंत चाक थांबत नसे. आजोबा बोटांनी चुना चोळून बघत. खर लागली की बैल पुन्हा फिरवायचा, मग दिवस मावळला तरी चालेल.

त्यात घालायच्या गोष्टी घराघरांत वेगळ्या. गुळाचे पाणी, बेलफळाचा चिकट गर, भिजवलेला उडीद, तागाचे तुकडे. आमच्याकडे हिरडा, कारण तो शेजारच्या महाबळेश्वरच्या डोंगरात मिळतो. ह्या गोष्टींना पुष्कळ लोक बाबा आदमच्या काळातल्या समजुती म्हणतात, ते मला पटत नाही. गूळ घातला की कमी पाण्यात चुना मऊ राहतो, आणि पाणी कमी म्हणून तडेही कमी. बेलाच्या गराने चुना भिंतीला धरतो. ताग गिलाव्याला आतून बांधून ठेवतो. प्रत्येक जिन्नस कशासाठी हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते.

वाड्याचा सांगाडा सागवानी. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर. हा कडीपाट. दिवाणखान्यात कड्या झाकायला तक्तपोशी मारत, तिच्यावर कोरीव काम करत. खांबांमधल्या भिंती विटांच्या, नाहीतर पांढऱ्या मातीच्या कच्च्या भेंड्यांच्या, आणि त्यांच्या अंगावर चुन्याचे दोनतीन हात. शेवटचा हात नीरूचा, म्हणजे मुरवलेल्या गाळीव चुन्याचा. तो ओला असतानाच गारगोटीने घोटायचा. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. अशा चित्रांमागे रंग भरणाऱ्या हातांइतकेच भिंत घोटणारे हातही आहेत, पण त्यांची आठवण कोणी काढत नाही.

आणि मग दरवर्षीची राखण. पावसाळ्याआधी छपराची कौले चाळायची. दसरा-दिवाळीला सफेदी, खालच्या अंगाला काव किंवा गेरूचा पट्टा, मातीच्या भिंतींना शेणाचा हात. घरातल्या बायका, गडीमाणसे, वर्षाचा ठरलेला गवंडी, सगळे त्यात असत. तडा बारीक असतानाच बुजायचा.

ही साखळी तुटली ती हळूहळू. पोरबंदरला 1914 साली सिमेंट तयार व्हायला लागले. ते पोत्यातून यायचे, मळायला घाणी लागत नव्हती. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि मालकाने दुरुस्तीला पैसा कुठून काढायचा हा प्रश्न उभा राहिला. मग 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. ते पाहिलेल्या माणसाने पुन्हा मातीवर विश्वास ठेवायचा तरी कसा? त्या पिढीला मी नावे ठेवत नाही.

पण त्यानंतर जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला, आणि त्याने वाड्यांचे जेवढे नुकसान केले तेवढे पावसानेही केले नसेल. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून वाळते. सिमेंटने वाट बंद केली की ती आणखी वर चढते, सोबत क्षार नेते, आणि भिंतीला लोणा लागतो. वरून सिमेंट कडक दिसते आणि आत भेंड्याचा भुगा झालेला असतो. ओल कडीच्या भिंतीतल्या टोकाला पोचली की ते कुजते, मागून वाळवी येते. छत बसते तेव्हा लोक लाकडाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष भिंतीचा असतो.

म्हणून मी छताआधी भिंत धरतो. सिमेंट हलक्या हाताने काढायचे आणि भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवायची. जुना गिलावा बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. जिथे पोकळ वाजतो तिथे मागे पातळ चुना सोडायचा, चांगला असेल तो काढायचा नाही. कडीचे कुजलेले टोक तेवढे कापून जुन्या सागवानाचा जोड द्यायचा. नवा चुना दसऱ्यानंतर लावायचा, ओले गोणपाट टांगून सावकाश वाळू द्यायचा.

एका वाड्यातल्या काकूंनी काम संपल्यावर विचारले, "आता कायमचं झालं ना रे हे?"

"नाही काकू. पुढच्या दिवाळीला सफेदी करावी लागेल. त्याच्या पुढच्याही."

त्यांना ते आवडले नाही, पण खरे तेच आहे.

जुने सगळे चांगलेच होते असेही मी म्हणणार नाही. मराठवाड्यातल्या माळवदांवर दरवर्षी नवी माती टाकत, जुनी काढत नसत. छपरे जडच होत गेली. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात तीच माणसांच्या अंगावर आली. त्यामुळे वाड्याचे काम करताना वरच्या मातीचा जुना भार मी आधी उतरवतो, आणि तुळया-खांबांना लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेतो. त्याला कोणी भेसळ म्हणो.

आज माझ्याकडे येणाऱ्या पोरांत घाणी पाहिलेला एकही नाही. पण महिनाभर चुन्यात हात घातला की त्यांनाही खर कळायला लागते, म्हणजे विद्या अजून हाताशी आहे. तुमचा वाडा असेल तर एवढेच करा. सिमेंटचे पोते मागवण्याआधी एका कोपऱ्यात वीतभर भिंत खरवडून खाली काय आहे ते बघा. आणि चुना आजच भिजत घाला, काम पुढच्या वर्षी निघणार असले तरी. मुरलेला चुना वाया जात नाही.