धुपणी आणि जुने वैद्यक

मंडळी, रेवदंड्याची पडकी तटबंदी तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकात अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीज इथे ठाण मांडून बसले. त्याच शहाच्या दरबारी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य जात असे. इकडच्या औषधांची माहिती गोळा करून त्याने ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यात छापला गेला.

आमच्या औषधांची कीर्ती अशी समुद्रापार गेली. पण आमच्याच माजघरात एक दुखणे बायका मुकाट सोसत राहिल्या. ते म्हणजे धुपणी. पाळीचे रक्त बेसुमार जाणे.

जुन्या ग्रंथकारांनी मात्र याची लाज धरली नाही. चरकसंहिता सांगते, पाळी महिन्याने यावी, पाच दिवस टिकावी, आग-वेदना नसावी. स्राव फार नको, फार थोडाही नको. स्राव अति झाला, अवेळी होऊ लागला, की सुश्रुतसंहिता त्याला असृग्दर म्हणते. मग अशक्तपणा येतो, चक्कर येते, अंग फिके पडते. आज ज्याला आपण रक्तक्षय म्हणतो, त्याचीच ही लक्षणे नव्हेत काय?

माधवनिदानाने कारणेही दिली आहेत: गर्भपात, शोक, फार चालणे, जड ओझे. त्या यादीत देवीचा कोप नाही की पूर्वजन्मीचे पाप नाही! उपाय म्हणून चरकाने पुष्यानुग चूर्ण मधातून, तांदळाच्या धुवणाबरोबर सांगितले. अकराव्या शतकातल्या चक्रदत्ताने अशोकाची साल दुधात काढून दिली.

आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिविद्येचा. नवे शिकताना जुने पारखावे, हा धडा त्यांनी घालून दिला.

तोच आपणही गिरवू या. गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइडचा विकार, क्वचित कर्करोग, ही कारणे नुसत्या नाडीवरून कळत नाहीत. त्यासाठी तपासणीच हवी. म्हणून साल उकळून घरी बसू नका. रक्त सात दिवसांवर गेले, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा दिसले, किंवा गरोदरपणी जाऊ लागले, तर तडक दवाखाना गाठा.

आणि गुरुजी, बाई, शाळेतल्या मुलींना हे मोकळेपणी सांगा. दोन हजार वर्षांपूर्वी जे लिहायला संकोच वाटला नाही, ते आज बोलायला का वाटावा?